अण्णा कर्वे यांचे म्हातारपण

पाया पडणाऱ्याला आपण शतायुषी हो म्हणतो, पण तो आशीर्वाद खरा ठरला तर त्या शंभर वर्षांचे करायचे काय, याचा विचार कोणी करीत नाही. साठी आली की माणूस स्वतःच म्हणू लागतो, आता काय राहिले आहे! आपल्या मंडळातसुद्धा पुष्कळ भगिनी असे म्हणतात. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला जिना चढवत नाही, कोणाची नातवंडे मोठी होऊन दूर गेलेली असतात. दुपारच्या चहानंतर रात्रीच्या जेवणापर्यंतचा वेळ त्यांच्या अंगावर येतो. स्मरणिकेत ज्येष्ठ भगिनींच्या आरोग्याविषयी काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा माझ्या मनात आले की औषधे आणि पथ्ये सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी आपली एका माणसाच्या म्हातारपणाची हकीकत सांगते. त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. सगळा महाराष्ट्र त्यांना अण्णा म्हणत असे, म्हणून मीही अण्णाच म्हणते.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी, आजोळी झाला. त्यांचे स्वतःचे गाव म्हणजे दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे मुरूड. घर गरिबीचे, पण मानी. अंगकाठी लहानखुरी, स्वभाव अतिशय लाजाळू. पुढे एवढ्या संस्था काढल्या, तरी ते फर्डे वक्ते कधीच झाले नाहीत. चारचौघांत उठून बोलायचे म्हणजे त्यांना संकट वाटे. हे मी मुद्दाम सांगते, कारण मोठी माणसे जन्मतःच धीट असतात असा आपला समज असतो.

त्यांच्या लहानपणची साताऱ्याची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. १८७५ साली मराठी सहावीची परीक्षा द्यायला ते मुरुडाहून साताऱ्याला पायी गेले. भर पावसाळ्याचे दिवस, वाटेत सह्याद्रीचे घाट आणि रान, अंतर शंभर मैलांहून अधिक. सोबतीला दोन-चार मुले आणि पाठीवर गाठोडे. एवढी पायपीट करून साताऱ्यास पोचले, तर परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहून हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरवले आणि त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. वयाची सतरा वर्षे पुरी झालेली होती, पण अंगकाठी आड आली. तो मुलगा निमूट परत फिरला आणि पुढे ती परीक्षा त्याने कोल्हापुरास दिली. मला या गोष्टीत दोन खुणा दिसतात. एक म्हणजे पायांची सवय, आणि दुसरी म्हणजे अपमान गिळून पुन्हा कामाला लागण्याची सवय. पुढची ऐंशी-नव्वद वर्षे त्यांनी या दोन सवयींवरच काढली, असे म्हटले तरी चालेल.

१८८१ मध्ये मॅट्रिक आणि १८८४ मध्ये बी. ए. झाल्यावर मुंबईत शाळांतून शिकवणे आणि शिकवण्या करणे असा त्यांचा क्रम सुरू झाला. पहाटे उठायचे आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पायी जायचे. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. त्यांचा मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. दोन वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, त्यांनी पुनर्विवाह केला. वधू गोदूबाई ही त्यांच्या मित्राची, नरहरपंत जोशी यांची विधवा बहीण. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणारी ती पहिली विधवा मुलगी. लग्नानंतर तिचे नाव आनंदीबाई झाले, आणि सगळे तिला बाया म्हणू लागले.

त्या काळी विधवेशी लग्न म्हणजे काय, ते आज आपल्या मुलींना सांगूनही खरे वाटत नाही. मुरूडकरांनी अण्णांवर बहिष्कार टाकला. जो कोणी त्यांना घरात घेईल त्यालाही वाळीत टाकण्याचे ठरले. ज्या गावासाठी ते आपल्या मिळकतीतून पैसे बाजूला काढीत, त्याच गावात त्यांना आपल्या आईच्या पंगतीला बसता येईना. अण्णांनी यावर कोणाशी भांडण केले नाही, पण केलेली गोष्ट चूक होती असेही ते कधी म्हणाले नाहीत. गप्प राहिले आणि पुढच्या कामाला लागले.

पुढचे काम म्हणजे अनाथ बालिकाश्रम. संस्था १८९६ मध्ये स्थापन झाली. शहरात प्लेग आणि लोकांचा विरोध, म्हणून १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी साडेसातशे रुपये दिले. आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात आणि तेथे वाहनांची गर्दी असते, पण तेव्हा तेथे काटेकुटे आणि चिखल होता. हिंगणे शहरापासून सुमारे चार मैल, म्हणजे सहा-साडेसहा किलोमीटर. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे, ते आटोपले की हिंगण्याला चालत जायचे आणि तेथील विधवा मुलींना शिकवायचे. परतही पायीच यायचे. पावसाळ्यात चिखल तुडवीत जायचे, आणि आश्रमाला लागणारे सामानसुमानही पुष्कळदा हातात असायचे. अण्णा त्या वेळी बेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे माझ्याच वयाचे. मला भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत जायचे तरी मुलाला गाडी काढ म्हणावेसे वाटते.

आता डॉक्टर सांगतात की उतारवयात आठवड्याला निदान दीडशे मिनिटे अंगाला घाम येईल असे चालावे, आणि शिवाय तोल सांभाळण्याचे व स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावे, म्हणजे पडण्याची भीती कमी होते. म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडले की किती हाल होतात, ते आपण आपापल्या घरी पाहिले आहे. अण्णांना ही दीडशे मिनिटांची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. त्यांचे चालणे हा व्यायाम नव्हताच, तो कामाचा रस्ता होता. मला वाटते म्हणूनच ते टिकले. आरोग्यासाठी म्हणून चालणारी माणसे चार दिवस पाऊस लागला की थांबतात. ज्याची चार माणसे पलीकडे वाट पाहत असतात, त्याला थांबता येत नाही.

खाणे साधे आणि बेताचे, व्यसन कसलेही नाही, कपड्यांत डौल नाही. हे सगळे खरेच आहे, पण तेवढ्यावर शंभर वर्षे जगता येते असे मी म्हणणार नाही. तसे असते तर आपल्या सासवा-आज्या, ज्यांनी जन्मभर सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाल्ले आणि व्यसन कसे असते ते पाहिलेही नाही, त्या सगळ्याच शतायुषी झाल्या असत्या. काही देणे उपजतच असते. उरलेल्यात माझ्या मते दोन गोष्टी मोठ्या आहेत. एक, मन जळत न ठेवणे. दुसरी, उद्याचे काम शिल्लक असणे.

पहिल्या गोष्टीबद्दल मात्र मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. अण्णांचे मन शांत होते, पण त्या शांतीचा खर्च कोणी केला? तो बायांनी केला. अण्णांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा बायांच्या जिवाची काय तगमग झाली असेल, ते कोणतीही संसारी बाई सांगेल. पोरे लहान, नवऱ्याला आप्तांचा आधार नाही, समाजाने बाहेर ठेवलेले. उद्या या माणसाचे काही बरेवाईट झाले तर मुलांच्या तोंडात काय घालायचे? मी त्या जागी असते तर भांडले असते, आणि बायांनीही ते मुकाट्याने सोसले नाही. त्यांनी सुईणपणाचे शिक्षण घेतले, त्यासाठी नागपूरला जाऊन राहिल्या, की वेळ आलीच तर चार पैसे आपल्या हाताने मिळवता यावेत. त्यातही दुखण्यावर डाग म्हणजे, नवऱ्याने विधवांसाठी काढलेल्या आश्रमापासून बायांनाच दूर राहावे लागे, कारण त्या पुनर्विवाहित. त्यांची सावली आश्रमावर पडली तर लोक आपल्या मुली पाठवणार नाहीत, ही भीती. घर चालवायचे, मुले वाढवायची, आलेल्यागेलेल्यांचे करायचे, आणि ज्या कामासाठी हे सगळे सोसायचे त्या कामात मात्र पाऊल टाकायचे नाही.

अण्णा थोर होते यात शंकाच नाही. पण पुरुषाच्या दीर्घायुष्याची कथा सांगताना त्याच्या स्वयंपाकघरात कोण उभे होते तेही सांगावे, असे मला वाटते. बाया मात्र कुढत बसल्या नाहीत. उतारवयात त्यांनी आपल्या आठवणी मोकळेपणाने सांगितल्या, सूनबाई कावेरी कर्वे यांनी त्या नीट लावल्या, आणि १९४४ साली माझे पुराण या नावाने ते पुस्तक निघाले. नवऱ्यावरचा राग, रुसवा, कौतुक, सगळे त्यात आहे. जवळजवळ ऐंशीच्या घरातल्या बाईने मनातले असे सगळे बाहेर काढणे हेही आरोग्याचेच एक साधन समजावे. आपल्याकडे म्हाताऱ्या बायकांच्या पोटात किती गोष्टी तशाच राहतात! ऐकायलाच कोणी बसत नाही.

असो. दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे उद्याच्या कामाकडे येते. या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचे आहे.

फर्ग्युसन कॉलेजातून अण्णा १९१४ मध्ये निवृत्त झाले. वय छप्पन. आश्रम उभा होता, १९०७ पासून महिला विद्यालय चालू होते, दुसऱ्याच वर्षी निष्काम कर्म मठही निघाला होता. आपल्या हिशेबाने माणसाचे सगळे करून झाले. आता अंगणात आरामखुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचावे, कोणी भेटायला आले तर जुन्या गोष्टी सांगाव्यात. पण सर्वांत मोठे काम अजून व्हायचे होते. जपानात स्त्रियांसाठी वेगळे विद्यापीठ आहे, त्याची माहिती देणारे एक पुस्तक त्यांच्या हाती आले होते. ते डोक्यात घोळत राहिले, आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी भारतात स्त्रियांचे विद्यापीठ काढले. आरंभीचे विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. मोठमोठे लोक हसले. मुलींना मातृभाषेतून उच्च शिक्षण देणार म्हणजे काय, असे पुष्कळांना वाटले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले. आपल्या मुली ज्याला एस. एन. डी. टी. म्हणतात ते हेच. स्वातंत्र्यानंतर त्याला कायद्याने मान्यता मिळाली तेव्हा अण्णांनी नव्वदी ओलांडलेली होती. लावलेल्या झाडाचे फळ बघायला तेहेतीस वर्षे थांबावे लागले, पण ते थांबले.

१९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, विद्यापीठाची माहिती सांगायला आणि पैसा जमवायला ते जगाच्या प्रवासाला निघाले. विमानाचा प्रवास नव्हे, बोटीचा आणि आगगाडीचा. इंग्लंड, जिनीव्हा, डेन्मार्कमधील एल्सिनोर येथील शिक्षण परिषद, मग बर्लिन. तेथे आइन्स्टाइन यांची भेट झाली. पुढे अमेरिका, आणि मग ज्या जपानावरून विद्यापीठाची कल्पना सुचली तो जपान देश. चारचौघांत बोलायला लाजणारा हा माणूस परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या सभांपुढे उभा राहून आमच्याकडील मुलींना शिकवायला मदत करा असे सांगत होता. खाण्यापिण्याची आबाळ, थंडी, एकटेपणा, हे सगळे आलेच. १९३० च्या एप्रिलमध्ये परत आले. आपण म्हटले असते, देवा, सुखरूप पोचवलेस, आता घरचा उंबरठा सोडणार नाही. अण्णा त्याच वर्षी डिसेंबरात आफ्रिकेला निघाले! मुलगा शंकर तेथे मोंबासाला डॉक्टर होता. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत, तेथील हिंदी लोकांना भेटत आणि वर्गणी गोळा करत सव्वा वर्ष फिरले.

माझ्या वाचनात हा भाग आला तेव्हा मी हिशेब केला. सत्तरीनंतरची ही फिरती. आपल्याकडे सत्तरीच्या माणसाला आपण एकटे पुण्याहून मुंबईलाही पाठवीत नाही.

त्यावरून आमच्या आळीतील एका आजींची आठवण होते. सुना गुणी, मुलगे मायाळू. आजी, तुम्ही उठू नका. आजी, ते राहू द्या, आम्ही करतो. प्रेमापोटी एकेक काम त्यांच्या हातून गेले. आधी बाजार, मग निवडणे-टिपणे, मग देवाची फुले. दोन वर्षांत आजी खाटेवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खाटेवर एवढ्याच उरल्या. डॉक्टरांना विशेष असा रोग काही सापडेना. मग पापडाच्या कामाच्या वेळी मंडळाने त्यांना उडदाच्या पिठाचा हिशेब ठेवायला बोलावले, कारण त्यांची जुनी मापे आम्हा कोणालाच येत नव्हती. पहिल्या दिवशी सुनेने हात धरून आणले. पुढे आजी काठी टेकत स्वतः येऊ लागल्या, आणि पीठ कमी भिजवले म्हणून आम्हाला रागावूही लागल्या. गुडघे बरे झाले असे मी म्हणत नाही. गुडघे होते तसेच आहेत. पण सकाळी उठून वेणी घालायला त्यांना कारण मिळाले.

म्हणून मला वाटते की दरवर्षी आपण ज्येष्ठ भगिनींना शाल-श्रीफळ देऊन खुर्चीत बसवतो, त्यापेक्षा त्यांना एखादे काम द्यावे. सत्कार चांगलाच, पण सत्कार झाला की माणसाला वाटते आपले संपले. अण्णांचेही पुष्कळ सत्कार झाले. बनारस हिंदू विद्यापीठाने १९४२ मध्ये पदवी दिली, पुणे विद्यापीठाने १९५१ मध्ये दिली, १९५५ साली पद्मविभूषण मिळाले. पण प्रत्येक हाराखालून ते पुन्हा कामाकडेच वळले.

१९३६ साली त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. वय अठ्ठ्याहत्तर. ज्या खेड्यांत सरकारी शाळा नाहीत तेथे प्राथमिक शाळा काढायच्या हा हेतू. त्यांना महिना सत्तर रुपये पेन्शन मिळे, त्यांतले पंधरा रुपये त्यांनी या कामाला लावले. बाकीचे पैसे जमवायला पुण्यात स्वतः दारोदार फिरत. ज्याने विद्यापीठासाठी लाखांची देणगी पाहिली, तो माणूस ऐंशीच्या उंबरठ्यावर जिने चढून किरकोळ वर्गणी मागत होता. कोणी देई, कोणी नंतर या म्हणे, आणि अण्णा खरोखरच नंतर येत. वर्गणी मागायला गेलेल्या आपल्या मंडळातील भगिनींना नंतर या याचा अर्थ चांगला माहीत आहे. आपण परत जात नाही. मान आडवा येतो. त्यांनी मान कामाच्या आड येऊ दिला नाही, आणि त्यामुळे मन दुखण्याचा एक मोठा रस्ताच बंद झाला.

१९४४ मध्ये, पंच्याऐंशी उलटल्यावर, त्यांनी समता संघ स्थापन केला. जातपात आणि उच्चनीच भाव जावा हा त्याचा हेतू. ज्याला तरुणपणी गावाने वाळीत टाकले, त्याने म्हातारपणी कोणालाच वाळीत टाकू नये असे सांगावे, हे मला फार योग्य वाटते. त्यासाठी पुढे त्यांनी मासिकही चालवले.

दीर्घायुष्याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. जो फार जगतो तो फार जणांना पोचवतो. २९ नोव्हेंबर १९५० रोजी बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार. अण्णा त्या वेळी ब्याण्णव वर्षांचे होते. तीन वर्षांनी, १९५३ च्या ऑक्टोबरात, थोरला मुलगा रघुनाथ गेला. समाजस्वास्थ्य मासिक चालवून संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे ते हेच. त्या कामापायी त्यांनी कॉलेजातील नोकरी गमावली होती आणि जन्मभर लोकांचा रोष घेतला होता. पंच्याण्णव वर्षांच्या बापाने एकाहत्तर वर्षांच्या मुलाचे जाणे पाहिले. १९५५ मध्ये मेहुणी पार्वतीबाई आठवले गेल्या. आश्रमासाठी गावोगाव हिंडून पैसा जमवणाऱ्या त्याच. बरोबरीचे असे कोणी उरले नाही. आपल्याला तरुण म्हणून ओळखणारे, एकेरी हाक मारणारे जगात कोणीही नसणे, हे दुःख शंभरीचा आशीर्वाद देताना आपल्या ध्यानात येत नाही.

या दुःखाला त्यांनी काय केले, ते त्यांच्या मनातले आपण कसे सांगणार? पण बाहेरून दिसते ते एवढे, की घर भरलेले होते आणि त्यांनी ते भरलेले राहू दिले. मुलगे, सुना, नातवंडे होती. सुनांपैकी इरावतीबाई मोठ्या विदुषी, समाजशास्त्राच्या अभ्यासासाठी देशभर फिरणाऱ्या. सुनेने घराबाहेर पडून असे काम करावे, हे ज्या घरात सहज होते त्या घरातील म्हाताऱ्याला एकटे पडायची पाळी कमी येते, असे माझे मत आहे. जो म्हातारा तरुणांना अडवून धरतो, त्याच्याकडे तरुण माणसे फिरकत नाहीत. शिवाय हिंगण्याच्या आवारात रोज शेकडो मुली येत-जात होत्या. ज्या माळावर त्यांनी झोपडी बांधली, तेथे म्हातारपणी त्यांच्या कानावर सदा मुलींचा गलबला पडत राहिला. दाराशी वर्दळ असणे म्हातारपणी फार मोलाचे असते. आमच्या आजूबाजूला बंद दाराच्या घरांत दूरदर्शनचा आवाज मोठा करून बसलेली कितीतरी वृद्ध माणसे मी पाहते, तेव्हा मला ते आवार आठवते.

१८ एप्रिल १९५८ रोजी अण्णांना शंभर वर्षे पूर्ण झाली. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर मोठा समारंभ झाला, पंतप्रधान पंडित नेहरू आले. त्याच वर्षी भारतरत्न मिळाले आणि सरकारने त्यांच्या चित्राचे टपालाचे तिकीट काढले. स्वतंत्र भारतात हयात माणसाचे चित्र तिकिटावर येण्याचा तो पहिलाच प्रसंग. साताऱ्याला ज्या मुलाला लहान दिसतो म्हणून परत पाठवले, त्याच्या चेहऱ्याचे तिकीट लावून देशभर पत्रे गेली.

त्यानंतरही ते साडेचार वर्षे जगले. हात-पाय थकले, हिंडणेफिरणे कमी झाले, ते होणारच. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा त्यांना एकशे चार वर्षे पूर्ण होऊन गेली होती. हिंगण्याची ती पहिली झोपडी आजही संस्थेच्या आवारात जपून ठेवलेली आहे. आत वाकून जावे लागते.